मोगऱ्याचं माप

६ एप्रिल

आज सकाळी प्रार्थनाघरातून आलो आणि दुकान उघडण्याआधी अंगणात गुडघे टेकून मोगऱ्याचं माप घेतलं. उंची, घेर, बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंतचं अंतर. सवयीने खांदाही मोजायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की याला खांदा नाही. मग फीत गळ्यात अडकवून थोडा वेळ तसाच बसलो.

शेजारच्या सिस्टर गच्चीवरून बघत होत्या. दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते.

"मास्टर, आज कोणाचं माप?"

"मोगऱ्याचं."

"बरं बरं," म्हणाल्या आणि मोबाइल उंच धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात रेंज येत नसावी. बिचाऱ्या दिवसातून चार वेळा आमच्या अंगणाच्या बाजूला येऊन मोबाइल धरतात.

मुलीचे दिवस भरत आले म्हणून ही तिच्याकडे गेली आहे. महिनाभर तरी येणार नाही. जाताना फाटकाशी थांबली. मला वाटलं औषधाच्या गोळ्यांचं सांगेल. म्हणाली, "बाकी काही गेलं तरी चालेल. मोगरा तेवढा जगला पाहिजे." हा मोगरा तिच्या आईच्या अंगणातल्या मोगऱ्याची फांदी लावून वाढवलेला. त्या गेल्या, घर विकलं गेलं, घेणाऱ्याने अंगणभर फरशी घातली. त्या अंगणातलं आता एवढंच उरलं आहे. मी म्हटलं, "अगं, एक झाड सांभाळायचं, त्यात काय एवढं?" तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी घातलं की लिहून ठेवत जा. नाहीतर विसराल." म्हणून हे लिहितो आहे. पाण्याचं लिहायला बसलो की बाकीचंही लिहिलं जातं.

मोगरा पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे. दुपार कलली की ती भिंत इस्त्रीसारखी तापते. शेंडे करपले आहेत. मला झाडांतलं कळत नाही. पण ऊन लागतंय तर अंगावर काहीतरी घालावं इतकं कळतं, आणि लोकांच्या अंगावर घालायचं काम मी आयुष्यभर करत आलो आहे.

पाणी: एक बादली, दुपारी बारा वाजता, म्हणजे ऐन गरजेला.

७ एप्रिल

अंगरखा झाला. वकिलांच्या डगल्यांचं काळं कापड उरलं होतं, जाड आणि टिकाऊ. वर निमुळता, खाली घेरदार, पुढे काज-बटणं. बुंध्याशी कॉलर उलटी लावली, म्हणजे खालून गरम वारा शिरायला नको. मधे दोन चुण्या टाकल्या, तेव्हा कुठे अंगाला नीट बसला. कुठे सुरकुती नाही की झोळ नाही. गिऱ्हाइकं हलतात, पोट आत ओढतात, मग घरी जाऊन तक्रार करतात. मोगरा एकदाही हलला नाही. इतकं छान फिटिंग फार दिवसांत झालं नव्हतं.

संध्याकाळी मेहुणा डोकावला. हिचा धाकटा भाऊ, गल्लीच्या टोकाला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अंगरख्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दाजी, कोर्टात कधी उभा करताय याला?"

मी वरचं बटण लावलं.

९ एप्रिल

लिहायला हात उठत नाही.

आज बटणं काढली तर आतून वाफ आली. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी. पानं मऊ, तपकिरी, देठाशी लोंबत होती. हात लावला की हातात येत होती.

सिस्टर खाली आल्या, चष्मा सारखा करून वाकल्या. "मास्टर, तुम्ही याला शिजवलंत."

"अंगाला तर नीट बसला होता."

"तेच तर. काळं कापड, त्यात हवा जायला जागा नाही. तापाच्या पेशंटला गोधडीत शिवून ठेवाल का? आणि भर दुपारी थंड पाणी ओतता ते आधी बंद करा."

रात्री हिचा फोन आला. "काय म्हणतोय मोगरा?"

"छान आहे."

"हिरवा आहे?"

"बऱ्यापैकी."

मग ती म्हणाली, "काळा रंग फार तापतो म्हणतात, नाही?"

मी चकित झालो. कापडाचा विषय मी काढलाही नव्हता. संसाराला इतकी वर्षं झाली की माणसाच्या मनातलं लांबूनही कळत असावं. देवाची करणी म्हणायची.

खोटं बोललो याचं वाईट वाटतं आहे. पण 'छान' या शब्दाला काही माप नसतं, अशी मनाची समजूत घातली. ती नीट बसली नाही.

१३ एप्रिल

मेहुण्याने मोबाइलवर एक युक्ती बघितली आहे. लहान मुलांच्या डायपरमध्ये बारीक दाणे असतात, ते स्वतःच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. ते मातीत मिसळले की मुळं आठवडाभर ओली राहतात. वाळवंटातही झाडं जगवली आहेत म्हणे.

औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बाळ केवढं आहे काका?"

"अकरा वर्षांचं."

तिने पेन खाली ठेवलं. "काही त्रास आहे का त्याला?"

"उन्हाचा."

"वजन किती?"

"वजन नाही केलं. घेर अडतीस इंच आहे."

तिने आतून मालकाला बोलावलं. त्यांनी फार हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काका, स्वतःसाठीच हवेत का? लाजायचं काही कारण नाही." मागे रांगेत माझी दोन गिऱ्हाइकं होती. मी पाकीट घेतलं आणि निघालो.

१५ एप्रिल

घाईत एक गोष्ट विचारायची राहिली. कुंडीला चमचाभर दाणे पुरतात. मी हिशेब कापडाचा केला. कापड थोडं जास्तच घ्यावं, पुढेमागे उसवून मोठं करायला शिवणीत दाब राहतो. म्हणून काल सगळे डायपर फाडले, अर्धे दाणे पुदिन्याच्या कुंड्यांत आणि अर्धे मोगऱ्याच्या आळ्यात कालवले आणि पाणी घातलं.

सकाळी पुदिना कुंडीच्या बाहेर उभा होता. खालून जेलीने त्याला उचलून वर आणलं होतं. मोगऱ्याचं आळं कणीक फुगावी तसं फुगलं होतं, माती फाटली होती आणि बारीक पांढरी मुळं उघडी पडली होती. ऊन चढायच्या आत ओंजळीओंजळीने जेली उपसली, मुळांवर माती सारली. इतका जपून हात पहिल्यांदा कोणाच्या लग्नाच्या कोटावर कात्री चालवली तेव्हा चालवला होता.

मेहुणा आला, कुंड्यांकडे बघितलं. "दाजी, मी चिमूटभर म्हटलं होतं."

"तू चिमूट म्हटलंच नव्हतंस."

"मग व्हिडिओत म्हटलं असेल."

पुदिना गेला. मोगऱ्यावर आता एकही पान नाही. नुसत्या काड्या.

रात्री ही म्हणाली, "अहो, इकडे डायपर फार महाग आहेत. तिकडे स्वस्त असतील तर घेऊन ठेवा." आणि मग तिला एवढा ठसका लागला की फोन मुलीने घेतला. मुलगीही काही बोलू शकली नाही. या दिवसांत घरात खोकल्याची साथ बरी नाही. सांभाळा म्हटलं.

१६ एप्रिल

आज प्रार्थनेला बसलो तेव्हा मनात मोगराच होता. गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगायचे, देवाकडे मागायचं नाही, फक्त आभार मानायचे. मी आजवर ते पाळत आलो. आजही काही मागितलं नाही. अंगणाच्या पश्चिमेला भिंत आहे आणि तिथे एक झाड आहे, एवढी आठवण करून दिली.

१९ एप्रिल

सिस्टरनी सूत्रं हातात घेतली. सकाळीच एक पिशवी घेऊन आल्या. आत सलाइनच्या नळ्या.

"या कुठून आणल्या?"

"मुदत संपली होती, फेकणार होते. निवृत्त होताना लोकांना घड्याळ मिळतं. मला मिळालं नाही, मग मी या घेतल्या."

भिंतीच्या खिळ्याला पाण्याची बाटली उलटी टांगली, तिला नळी, नळीचं टोक मोगऱ्याच्या बुडाशी. नळीवरचं छोटं चाक फिरवून थेंब कसे बांधायचे ते त्यांनी दाखवलं. थेंब पडायचा, माती तो पिऊन टाकायची, मग पुढचा. पाणी वाहून जात नाही की उडून जात नाही. "तहानलेल्याला बादलीने नाही पाजायचं मास्टर. घोटाघोटाने."

मग म्हणाल्या, "माती उघडी नको. पालापाचोळा आहे का?"

"पालापाचोळा नाही. कातरण आहे."

सुती कापडाच्या कातरणाची दोन पोती दुकानात पडून होती. मोगऱ्याच्या बुडाशी वीतभर थर दिला, बुंध्यापासून जरा लांब. खाली बोट घातलं तर दुपारीही माती गार लागली. इतकी वर्षं ज्याला कचरा म्हणून पोत्यात भरलं, ते असं कामाला आलं. जीव थोडा भांड्यात पडला.

गल्लीतली मंडळी आता फाटकाशी थांबून "पेशंट कसा आहे?" विचारतात.

पाणी: दोन बाटल्या, पहाटे. आज आंघोळ अर्ध्या बादलीत केली.

२१ एप्रिल

नळी बघायला अंगणात बराच वेळ जातो. त्यामुळे अंगण नीट बघितलं. भिंतीजवळ हिची वेताची खुर्ची आहे, बसून बसून वेत खोलगट झालेला. तिच्या शेजारी एक जुनी बादली पालथी घातलेली आणि तिच्यावर गोल उशी. उशी हाताने शिवलेली, माझ्याच एका जुन्या रेघांच्या शर्टाची. टीप थोडी वाकडी आहे पण चिवट आहे. उन्हाने रंग उतरलाय, पण कापड कुठे झिजलेलं नाही, कापूस दबलेला नाही. म्हणजे त्यावर कोणी कधी बसलेलं नाही. न बसण्यासाठी उशी का शिवली असेल, कळत नाही. कदाचित कुंडी ठेवायला.

२४ एप्रिल

नात झाली. दोघी सुखरूप. देवाचे आभार मानले आणि आज दुसरं काही म्हणजे काही म्हटलं नाही.

दुकानात सगळ्यांना सांगितलं. पॅन्ट न्यायला आलेले शाळेतले एक मास्तर म्हणाले, "अभिनंदन. पण माझी पॅन्ट?" मी म्हटलं, "गुरुवारी या." ते म्हणाले, "तुम्ही गुरुवारी या म्हटलं होतं म्हणून आज आलो. आज शुक्रवार आहे." या धंद्यात माणसं थांबवावी लागतात. काम चांगलं हवं तर वेळ लागतो.

रात्री हिला विचारलं, नात कोणासारखी दिसते. म्हणाली, "माझ्या आईसारखी. कपाळ अगदी तसंच." मग म्हणाली, "तिला मोगरा दाखवायचाय मला. हा माझ्या आईचा, असं सांगायचंय. तिला कळणार नाही म्हणा. पण मला सांगायचंय."

"दाखवू की," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि बॅटरी घेऊन अंगणात जाऊन आलो. काड्या दाखवणार का पोरीला?

२७ एप्रिल

एक डोळा फुटला! बुंध्याजवळ, मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा. चष्मा पुसून तीन वेळा बघितलं.

सिस्टर म्हणाल्या, "पेशंट शुद्धीवर आलाय. पण ऊन वाढतंय. भिंत तापली की ही कोवळीक एका दुपारीच जाईल. याला सावली पाहिजे. पांढरी, पातळसर, वरून. अंगाला चिकटलेली नाही. खालून वारा खेळला पाहिजे. कापड आहे का तसं?"

"नाही," म्हटलं मी.

आहे. पण ते माझं नाही.

२८ एप्रिल

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो होतो, प्रार्थनाघरात वर बांधायला पांढरं छत शिवून देईन. उत्तम सुती कापडाचा अख्खा तागा घेतला. तेव्हापासून तो ट्रंकेत आहे. झालरीला चुण्या घालाव्यात की नुसती दुमड, यावर विचार चालू होता. देवाचं काम, घाईत कसं करणार?

आज ट्रंक उघडली. कापड बोटांत धरलं. यातून ऊन गाळून येईल, वारा जाईल. याच्याइतकं योग्य कापड गावात मिळणार नाही. पण बोललेलं कापड झाडावर कसं घालायचं? मोगराही त्याचाच, हे खरं. पण मग माझी मोडकी इस्त्रीही त्याचीच. असा विचार करत गेलं की कशालाच अर्थ उरत नाही.

ट्रंक बंद केली. सध्या दुपारभर छत्री धरून मोगऱ्याजवळ उभा राहतो. दुकानाला कुलूप. मेहुणा येऊन म्हणाला, "दाजी, झाडाला सावली आणि तुम्हाला ऊन! ताई परत येईल तेव्हा मोगरा हिरवा आणि तुम्ही काळे."

३० एप्रिल

काल चक्कर आली. छत्री हातातून पडली आणि तिची काडी अंकुराच्या बाजूने गेली. केसाएवढं अंतर राहिलं. सिस्टरनी मला ओढून त्यांच्या पंख्याखाली नेलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि वाटेल ते बोलल्या. त्यातलं इथे लिहिण्यासारखं एवढंच की, "दोन पेशंट मी नाही सांभाळणार."

आज सकाळी प्रार्थना झाल्यावर तिथली झाडलोट बघणाऱ्या आजोबांना गाठलं. सगळं सांगितलं. लग्न, तागा, झालर, मोगरा. म्हटलं, "बाबा, छताचं कापड मी दुसरीकडे वापरलं तर पाप लागेल का?"

"कसलं छत?"

"इथलं. मी शिवणार होतो ते."

आजोबांनी झाडू भिंतीला टेकवला. "वर बघ," म्हणाले.

मी वर बघितलं. वर छत होतं. निळं, तयार घेतलेलं, झालर नसलेलं, शिवण जरा तिरकी.

"हे कधी लावलं?"

"मागच्या थंडीत. तू रोज याच्याखालीच बसतोस."

"मला कसं दिसलं नाही?"

"तू आलास की डोळे मिटतोस, आणि उघडलेस की चपला शोधतोस." त्यांनी झाडू पुन्हा हातात घेतला. "पहिल्या वर्षी आम्ही तुझी वाट बघितली. दर वेळी म्हणायचास, पुढच्या गुरुवारी. जा आता. पायरी झाडायचीय मला."

इतके महिने ज्याच्याखाली बसून आभार मानले, ते एकदा मान वर करून बघितलं नाही. देव रागावला नसेल. वाट बघून कंटाळलेलं गिऱ्हाईक शोधतं तसा त्याने दुसरा शिंपी शोधला, इतकंच.

ही घरी नाही म्हणून आज संध्याकाळी फार शांत वाटलं. एरवी या वेळेला ती चहा घेऊन अंगणात जाते आणि तिथून हाक मारते, "अहो, येताय का बाहेर?" मी म्हणतो, "एवढी बाही लावतो आणि आलोच." बाही झाली की दुसरी बाही असतेच. माणसाला हात दोन असतात.

१ मे

ठरलं. तागा मोगऱ्याला.

रात्री कापड पसरलं आणि कागदावर आकृती काढली. लांबी, रुंदी, उतार, कडेला दुमड, दोरीसाठी गोल काजं. मग वाटलं, आधी एक नमुना शिवून बघावा. मग वाटलं, झालरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गुरुवारपर्यंत होईल.

हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं.

२ मे

पहाटे प्रार्थनेला गेलो. आज डोळे उघडे ठेवले. छत निळं आहे, एका कोपऱ्यात चिमणीने काडी खोचली आहे.

परत येऊन तागा उचलला आणि अंगणात नेला. फीत दुकानात ठेवून आलो. आकृतीही. मेहुण्याला झोपेतून उठवून शिडी धरायला लावलं. तो जांभई देत म्हणाला, "दाजी, माप?"

"नाही घ्यायचं."

"दुमड?"

"नाही."

"तब्येत बरी आहे ना?"

कापड मधोमध टराटरा फाडलं, कात्रीसुद्धा लावली नाही. एक टोक भिंतीवरच्या खिळ्यांना, दुसरं कपडे वाळत घालायच्या दोरीला आणि दोन बांबूंना. भिंतीपासून हातभर दोरी सोडून, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. कडेचे दोरे लोंबत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून बिनदुमडीचं काम बाहेर पडलं. मेहुण्याने त्याचा फोटो काढला, पुरावा म्हणून.

दुपारी ऊन आलं, कापडावर थांबलं, आणि खाली नुसता उजेड उतरला. कापड वाऱ्याने पोट फुगवायचं आणि सोडायचं. मोगऱ्यावर आता पाच अंकुर आहेत. त्यांतल्या दोघांची पानं उलगडली आहेत, नखाएवढी. भर दुपारी एकही मान टाकून नव्हतं.

संध्याकाळी चहा केला आणि बाहेर नेला. हिच्या खुर्चीत बसवेना, तिच्यात तिचा आकार आहे. म्हणून बादलीवर बसलो. फाटकातून पॅन्टवाले मास्तर ओरडले, "झाली का हो?" मी म्हटलं, "झाली. दुकानात घडी घालून ठेवलीय. चहा झाला की देतो." ते एवढे गडबडले की "सावकाश, सावकाश" म्हणत कठड्यावर बसून राहिले.

तेवढ्यात हिचा फोन आला. "अहो, डावीकडची दोरी ढिली आहे, जरा ओढून घ्या."

मी उठून ओढली. मग सगळं खरं सांगायला सुरुवात केली. काळा अंगरखा, जेली, काड्या, छत्री. तिने मधे एकदाही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "बरं केलंत. कुठे बसलाय?"

"बादलीवर. खुर्ची तुझी आहे ना."

ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन कटला. वर गच्चीवर सिस्टर मोबाइल धरून उभ्या होत्या. त्यांनाही रेंज मिळत नसावी, सारखा पदर डोळ्यांना लावत होत्या.

"बसा मग," ही म्हणाली. "ती तुमचीच आहे."

आपल्या घरातली बादली आपलीच असणार. त्यात सांगण्यासारखं काय होतं, ते कळलं नाही. पण चहा संपला, मास्तर पॅन्ट घेऊन गेले, भिंत निवाली, तरी मी तिथून उठलो नाही.